एका कुपीचे परीक्षण

पुस्तकांची परीक्षणे लिहिण्यात आमचे निम्मे आयुष्य गेले. तेव्हा आज आम्ही पुस्तक बाजूस सारून एका सुगंधी कुपीचे परीक्षण करावयास बसलो आहोत, हे पाहून वाचकांपैकी कित्येकांस हसू येईल आणि काहींस आमच्या वयाची काळजी वाटेल. दोष सर्वस्वी आमचा नाही. आमचा एक जुना विद्यार्थी हल्ली जर्मनीत असतो. मागच्या दिवाळीस तो भेटावयास आला आणि निघताना ही कुपी टेबलावर ठेवून म्हणाला, "सर, तीन वर्षे आपण आम्हांला कवितेचे रसग्रहण शिकवलेत. आता याचे करून दाखवा." वेष्टनावर तीनच गोष्टींचा निर्देश होता: लाकूड, लिंबाच्या जातीची फळे आणि तंबाखू. कुपीचे व ती करणाऱ्या घराण्याचे नाव आम्ही येथे मुद्दाम देत नाही. लेखकाचे नाव वाचून मग पुस्तकाविषयी मत बनविणारे टीकाकार आम्ही पुष्कळ पाहिले आहेत. नाकाच्या बाबतीत तर हा रोग अधिकच बळावतो. किंमत कळली की वास चांगला येऊ लागतो.

पहिला प्रश्न असा की, गंध हा परीक्षणाचा विषय होऊ शकतो काय? पाश्चात्त्य सौंदर्यविचाराचे एक आद्य आचार्य कांट यांचे उत्तर जवळजवळ नकारार्थीच आहे. १७९० च्या आपल्या ग्रंथात संगीताला नावे ठेवताना त्यांनी सुगंधी हातरुमालाचा दृष्टांत घेतला आहे. खिशातून असा रुमाल काढणारा मनुष्य भोवतालच्या सर्वांना, त्यांची इच्छा असो वा नसो, त्या वासाची मेजवानी घालतो, हा त्यांचा आक्षेप. पुढे आठ वर्षांनी त्यांनी घ्राणाला, जोपासूनही पदरात काही न टाकणारे आणि ज्यावाचून सहज चालते असे इंद्रिय ठरविले. आमच्या नैयायिकांनीही फारसे औदार्य दाखविलेले नाही. गंध हा पृथ्वीचा विशेष गुण, एवढा मान त्यांनी त्याला दिला खरा. पण मोजदाद करावयाची वेळ आली तेव्हा रूपाचे सात प्रकार, रसाचे सहा, आणि गंधाचे अवघे दोन, सुरभि व असुरभि! काव्याचे चांगले आणि वाईट असे दोनच वर्ग पाडून थांबणाऱ्या विद्यार्थ्याला आम्ही नापास करू. (कित्येक नामांकित परीक्षक नेमके हेच करतात, ती गोष्ट निराळी.)

उलट टोकाला वराहमिहिर उभा आहे. सहाव्या शतकातील या ज्योतिष्याने आपल्या बृहत्संहितेत गंधयुक्तीला स्वतंत्र अध्याय दिला, आणि सोळा द्रव्यांतून चार चार निवडल्यास १,८२० जुळण्या होतात व प्रमाणे बदलत गेल्यास ही संख्या १,७४,७२० वर जाते, असा चोख हिशेब मांडला. मराठीनेही हा विषय परका मानण्याचे कारण नाही. पुण्याच्या भांडारकर प्राच्यविद्या संशोधन मंदिराचे क्युरेटर परशुराम कृष्ण गोडे यांनी १९४५ साली 'गंधवाद' नावाच्या एका दुर्मिळ पोथीची चिकित्सा प्रसिद्ध केली. त्या पोथीवर मराठी टीका आहे, आणि तिचा काळ गोडे यांनी सुमारे १३५० ते १५५० च्या दरम्यान धरला आहे. म्हणजे सुगंध कसा करावा हे मराठी गद्याने काही शतकांपूर्वीच सांगितले होते. तो कसा पारखावा, हे मात्र आम्ही पुढे विलायती जाहिरातीकडून शिकलो.

ही जाहिरातीची परिभाषा संगीतातून उचललेली आहे: वरचे सूर, मधले सूर, तळाचे सूर. तिच्यात सोय आहे, हे नाकारता येत नाही. परंतु ती यादी देते, मत देत नाही. 'या कवितेत चंद्र, नदी व विरह आहे' असे सांगितल्याने कविता चांगली की वाईट हे कळत नाही. तसेच 'यात देवदार, संत्रे व तंबाखू आहे' याने काहीच कळत नाही. वासाचा निवाडा करणारे शब्द पाहिजे असतील तर आपल्या स्वयंपाकघरात जावे. खमंग आणि करपट यांत अंतर एका क्षणाचे, पण फोडणी टाकणारीला ते पाठमोरी असतानाही कळते. खवट, कुबट, आंबूस, ओशट, हिरवट, मातकट, उग्र. दरवळ लांबून येतो आणि घमघमाट अंगावर येतो. दर्प नाकात ठाण मांडतो. भपकारा येतो आणि आपण एक पाऊल मागे सरतो. यातल्या प्रत्येक शब्दात वासाबरोबर निकालही दिलेला आहे. प्रस्तुत परीक्षणात आम्ही या भाषेवरच भिस्त ठेवणार आहोत.

कुपीची पहिली परीक्षा आम्ही कॉलेजच्या प्राध्यापक-कक्षात केली. तिचा निष्कर्ष सांगण्यासारखा नाही, कारण सर्वांनी 'छान आहे' असे म्हटले व ते पंख्याखाली सरकले. तेव्हा खरी परीक्षा वडीगोद्रीसच घ्यावी असे आम्ही ठरविले. वडीगोद्री हे आमचे मूळ गाव. जालन्याहून अंबडमार्गे येणारा रस्ता जेथे धुळे-सोलापूर महामार्गास मिळतो, तेथे ते वसले आहे. हा सारा टापू मोसंबीचा. जालन्याच्या मोसंबीला २०१६ साली भौगोलिक मानांकन मिळाले, आणि बदनापुरास केवळ या फळासाठी एक संशोधन केंद्र आहे. फळाचे नाव मोझांबिकवरून पडले असे सांगतात. पण आता त्या नावातला परदेश कोणाला ऐकू येत नाही.

मोसंबीच्या गावीच ही कुपी का उघडावी, याला आणखी एक कारण आहे. लिंबाच्या जातीच्या विलायती सुगंधाचा उगमच एका परागंदा मनुष्याच्या आठवणीत आहे. इटलीतून जर्मनीत गेलेल्या फरिना घराण्याने कोलोन शहरी १७०९ साली आपली पेढी घातली. त्या घराण्यातील योहान मारिया फरिना याने पाऊस पडून गेल्यानंतरच्या इटलीतील वसंताच्या सकाळीची, तेथील नारिंगाच्या बागांची आठवण थंड देशात बसून कुपीत भरली. त्या शहरावरून तिचे नाव पडले, आणि तेच पुढे मराठी घरांत 'कोलनवॉटर' होऊन आले. आले, पण सुगंध म्हणून नव्हे, औषध म्हणून! ताप चढला की कपाळावर कोलनवॉटरच्या घड्या. आमच्या पिढीपर्यंतच्या मराठी मनुष्याला हा वास आला की प्रथम विषमज्वर आठवतो आणि मग इटली. ते असो. मुद्दा असा की, हा सुगंध बागेपासून दूर असणाऱ्याने दूर असणाऱ्यांसाठी केला. त्याला पुन्हा बागेत नेऊन उभे केले तर काय होते, हे पाहण्याची आम्हांस उत्सुकता होती.

माघातली सकाळ होती. आत्याच्या मळ्यातली झाडे आंबे बहाराची. ताण तोडून पाणी दिलेले, आणि फूल नुकते उमललेले. बांधापलीकडे शेजाऱ्याची बाग मृगाची, तिच्यात फळ लोंबत होते. फूल आणि फळ हाताच्या अंतरावर, अशी संधी परीक्षकाला क्वचित मिळते. आम्ही मनगटावर दोन तुषार मारून घेतले आणि झाडाखाली उभे राहिलो. कुपीतले फळ पहिल्या क्षणी मोठे गोजिरवाणे वाटले: स्वच्छ, गोड, जणू आंघोळ घालून पावडर लावलेले. मग आम्ही शेजाऱ्याच्या परवानगीने एक मोसंबी तोडून तिची साल नखाने सोलली. साल सोलताना जो बारीक तुषार उडतो त्याने डोळे चुरचुरले. मागोमाग सालीखालच्या पांढऱ्या गराचा कडवटपणा आला. पान चुरडले तर ते आणखी हिरवट आणि तिखट. या तिन्ही गोष्टी मनगटावर नव्हत्या. त्या फळाला झाड नव्हते. दहा-बारा मिनिटांत ते उडूनही गेले, आणि मनगट नाकाशी लावले तरी वास येत होता तो डोक्यावरच्या फुलांचाच.

येथे एक अन्याय टाळला पाहिजे. फळांच्या सालीचे तेल हलके; ते उडून जाणे हा त्याचा स्वभाव आहे, दोष नव्हे. आपल्या अत्तराची गोष्ट निराळी. कनोजचा गंधी भट्टीवर डेग चढवून फुलांचा अर्क भपक्यात चंदनाच्या तेलावर उतरवीत आला. चंदन जड, म्हणून अत्तर जसे सुरू होते तसेच बहुतांशी संपते. (आज स्वस्त अत्तरांच्या बुडाशी चंदन राहिलेले नाही, हे खरे.) अत्तर अभंगासारखे आहे, पहिल्या चरणात जो भाव तोच शेवटच्या. विलायती सुगंध नाटकासारखा. त्याचे अंक पडतात. नाटकाच्या पहिल्या अंकाने लवकर संपावे, याबद्दल तक्रार कोण करील? आमची तक्रार एवढीच की, हा पहिला अंक थोडका असून आरडाओरडा फार करतो. वैशाखात आम्ही तीच परीक्षा पुन्हा घेतली, तेव्हा ओट्यावरून विहिरीपर्यंत जाईतो त्याचे भरतवाक्य झाले होते.

लाकडाविषयी फार लिहिण्यासारखे नाही. ते कोरडे, नीटनेटके, नुकत्याच टोक केलेल्या पेन्सिलीच्या जातीचे आहे. ज्याने लहानपणी सहाणेवर खोड उगाळून देवासाठी गंध काढले आहे, त्याला त्यात ओलावा जाणवणार नाही. परंतु लाकूड आणि लिंबाची जात ही जोडी वेष्टनावर वाचली तेव्हा आम्हांस जे आठवले ते कुपीच्या कर्त्याला ठाऊक असण्याचे कारण नव्हते. २०१२ चा पावसाळा कोरडा गेला आणि मराठवाड्यातल्या मोसंबीच्या बागा उभ्या वाळल्या. आत्याच्या घरची तीनशे झाडे होती. टँकरने पाणी विकत आणून दोन महिने जगविली, आणि मग करवत लावली. त्या उन्हाळ्यात आम्ही गेलो तेव्हा ओट्यापासून गोठ्यापर्यंत ओंडक्यांची रास होती. मोसंबीचे ताजे कापलेले लाकूड फिकट पिवळे असते, आणि त्याला सालीचा पुसटसा, कडवट वास येतो. पुढचे वर्षभर त्या घरची चूल त्याच लाकडावर पेटली. लिंबाच्या जातीचा आणि लाकडाचा संयोग आम्हांस ठाऊक आहे तो असा. कुपीतला संयोग त्याच्या शेजारी सुखवस्तू वाटला. पण हा दोष कुपीचा की आमचा, हे आम्ही अद्याप ठरवू शकलेलो नाही. आत्ताची झाडे त्यानंतर लावलेली आहेत.

आता तंबाखू. या कुपीचा खरा जीव येथे आहे, आणि आमची खरी अडचणही.

युरोपात तंबाखूला सुगंधाच्या कुपीत मानाचे पान मिळाले ते पहिल्या महायुद्धानंतर. पॅरिसच्या कारोन घराण्याने १९१९ साली 'ताबाक ब्लों' म्हणजे 'सोनेरी तंबाखू' नावाचा सुगंध काढला. सिगारेट ओढू लागलेल्या नव्या स्त्रिया त्याच्या कर्त्याच्या डोळ्यांसमोर होत्या. १९२१ साली मोलिनार घराण्याचा 'हाबानिता' आला, तो तर आरंभी सिगारेटीसच लावावयाचा होता. आमच्याकडे या पानाचा प्रवास उलट झाला. असद बेग नावाच्या मोगल वकिलाला सतराव्या शतकाच्या अगदी आरंभी विजापुरास तंबाखू आढळली आणि त्याने ती नवलाईची वस्तू म्हणून अकबरापुढे नेली. म्हणजे दिल्ली-आग्र्याला हे व्यसन दख्खनेने दिले. पुढे जर्दा आला, किमाम आला, आणि अलीकडे गुटखा. कनोजच्या अत्तराचे मोठे गिऱ्हाईक आज लग्नमंडप नव्हे, पानमसाल्याचा व तंबाखूचा धंदा आहे. महाराष्ट्राने २०१२ साली गुटख्यावर बंदी घातली. ती बंदी कितपत पाळली जाते हे वाचक कोणत्याही एस.टी. स्थानकाच्या कोपऱ्यात पाहू शकतात. तेव्हा स्थिती अशी आहे की, तिकडे अत्तराला तंबाखूचा वास देतात आणि इकडे तंबाखूला अत्तराचा. तिकडे तो वास म्हणजे फुरसतीची, चामड्याच्या खुर्चीची खूण. इकडे तो कळा लपविण्याचा बुरखा.

या कुपीतली तंबाखू धुराची नाही. ती वाळवून मुरवलेल्या पानाची आहे. अशा पानाचा भास करून देण्यास कुमारिन हे द्रव्य फार उपयोगी पडते. वाळत्या गवताच्या गोड वासातही तेच असते, आणि इंग्रज रसायनज्ञ पर्किन याने १८६८ साली ते प्रयोगशाळेत तयार केले. म्हणूनच असेल, अर्ध्या तासानंतर मनगटाला कडब्याच्या गंजीचा, जुन्या गुळाच्या ढेपेचा आणि त्यांच्या मागे पानाचा उग्र, दाट वास येऊ लागला. तो दिवसभर राहिला. कोठेही ओशट नाही, कोठेही कुबट नाही. इतका खरा वास आम्ही विकतच्या कुपीत पूर्वी हुंगला नव्हता.

संध्याकाळी आत्या ओट्यावर बसली होती. तिचे वय ऐंशीच्या पुढे आहे; दिसते कमी, पण नाक शाबूत आहे. आम्ही पाण्याचा तांब्या पुढे केला तेव्हा तिने तांब्या न घेता मनगट धरले.

"हात आण इकडं," ती म्हणाली, आणि बराच वेळ हुंगत राहिली. "दादाची चंची कुठं सापडली तुला?"

दादा म्हणजे आमचे वडील. वेष्टनावर काय छापले होते ते तिला कोणी सांगितले नव्हते. वडील तंबाखू खात, आणि १९९८ साली जबड्याच्या कर्करोगाने गेले. त्यानंतर आईने त्यांची चंची, अडकित्ता, डबी सारे विहिरीत टाकले होते. चंची सापडली नाही, हा बाटलीतला वास आहे, असे आम्ही सांगितले. तिने पुन्हा मनगट नाकाशी नेले आणि म्हणाली,

"व्हय, चुना नाही ह्यात."

आमच्या तीस वर्षांच्या व्यवसायात याहून नेमका टीकेचा अभिप्राय आम्ही ऐकलेला नाही. तळहातावर तंबाखू चुन्याशी मळली की नाकात जी झिणझिणी शिरते, तिच्याने पानाची गोडी एकदम मागे सरते आणि दर्प पुढे येतो. चुना पानातला अंमल मोकळा करतो. खाणाऱ्याला जे हवे असते ते त्या चुन्यामुळे मिळते, आणि गाल जळतो तोही त्याच्यामुळे. कुपीच्या कर्त्याने पान घेतले, चुना वगळला. कडबा, गूळ, मध एवढे ठेवले आणि जे डसते ते बाजूस काढले.

हे त्याने बरे केले की वाईट? आमच्यापैकी ज्यांचा पिंड रसचर्चेवर पोसला आहे ते ताबडतोब म्हणतील की, हेच तर साधारणीकरण. भट्टनायक-अभिनवगुप्तांपासून आम्ही शिकवीत आलो आहोत की, 'माझे' आणि 'त्याचे' हे संबंध गळून पडले म्हणजे लौकिक शोकाचा रस होतो. तेव्हा वडिलांच्या चंचीतून व्यक्तिगत वेदना गाळून निर्मळ गंध उरविणारा हा कर्ता मोठा कलावंत होय. हे उत्तर आम्हांसही क्षणभर सुचले होते. परंतु ते टिकत नाही. करुणरसात शोक नाहीसा होत नाही. तो राहतो, फक्त आमच्या एकट्याचा राहत नाही. या कुपीत शोकाचे कारणच उरलेले नाही. फळाला झाड नव्हते, तसा या पानाला चुना नाही. आमच्या मते ही आठवण खरी आहे, पण शहाजोग आहे. तिकडे आरामखुर्चीत बसून पाइप न ओढणाऱ्यांसाठी ती केली आहे, आणि त्यांच्या दृष्टीने तिच्यात काही उणे नाही. ज्या घरात तंबाखूने माणूस नेला आहे त्या घरात मात्र ती अर्धीच पोहोचते. आणि अर्धी पोहोचते म्हणूनच, चमत्कारिक गोष्ट अशी की, ती सोसते. चुन्यासकट आली असती तर आत्याने दुसऱ्यांदा मनगट ओढून घेतले असते काय, याची आम्हांस शंका आहे.

परीक्षकाचे एक कर्तव्य उरते: कृतीतला उत्तम भाग दाखविणे. तो पहिल्या अंकात नाही व शेवटच्याही नाही. वीस-पंचवीस मिनिटांच्या सुमारास, फळ जाता जाता आणि पान येता येता, दोन्ही एकमेकांवरून जातात. तेवढ्या पाच-सात मिनिटांत कोनाड्यात वाळत घातलेल्या सालीसारखा एक कडसर, खमंग वास येतो. तो वेष्टनावर छापलेला नाही आणि एकट्या फळाचा किंवा एकट्या पानाचाही नाही. मर्ढेकरांनी लयीचे संवाद, विरोध व समतोल असे जे तीन नियम सांगितले, त्यांतील विरोध येथे अचूक साधला आहे, आणि ज्या लाकडाला आम्ही नावे ठेवली ते या दोहोंमध्ये निमूटपणे उभे राहून तोल सांभाळते. कर्त्याने हा भाग आणखी लांबविला असता तर आम्ही या कुपीला पहिल्या वर्गात बसविले असते. आज ती दुसऱ्या वर्गात वरच्या क्रमाने उत्तीर्ण होते.

ज्यांना ती वापरावयाची असेल त्यांच्यासाठी दोन शब्द. अंगाला लावावी, कपड्याला लावू नये. सुती सदऱ्यावर फळ जास्त टिकते खरे, पण पान निर्जीव होते, आणि पांढऱ्या कापडावर डाग पडण्याची भीती. हिवाळ्यात दोन तुषार पुष्कळ, उन्हाळ्यात सूर्य मावळल्यावर एक. वर्गात आम्ही ती लावून जात नाही. कांटच्या रुमालाविषयी आमचे मत त्या एका बाबतीत कांटसारखेच आहे.

विद्यार्थ्याला यातील बहुतेक मजकूर आम्ही पत्राने कळविला. त्याने उलट लिहिले की, चुन्याचा मुद्दा त्याला पटला, पण असा सुगंध केला तर तो विकत कोण घेईल? याचे उत्तर आमच्यापाशी नाही. निघण्याच्या दिवशी आत्याने कापसाचा एक बोळा पुढे केला आणि त्यावर थोडे मारून दे म्हणाली. आम्ही दिले. फाया कानात घालण्याची तिची सवय कधीच सुटली आहे; तिने तो पदराच्या टोकाला बांधला आणि आत गेली.